मध घ्यावा, पोळे राखावे

मधाविषयी आपल्या समाजात पूर्वापार एवढा आदर आहे की मधुपर्कात, पंचामृतात आणि वैद्याच्या अनुपानात त्याला अढळ स्थान मिळाले. परंतु ज्या मेणाच्या वास्तूत तो मध सिद्ध होतो आणि साठवला जातो त्या पोळ्याकडे आपण केवळ वेष्टन म्हणून पाहत आलो, आणि वेष्टन म्हटले की ते फोडावे, पिळावे आणि टाकून द्यावे, हा व्यवहारही ओघानेच आला. उन्हाळ्याच्या प्रारंभी सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांच्या कडेला घमेल्यात पोळ्यांचे तुकडे मांडून बसलेले विक्रेते दिसतात. गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून ते त्याच्यादेखत पोळे मुठीत धरून पिळतात, आणि त्या मुठीतून जी धार गळते तिच्यात मधाबरोबर अळ्यांचा रस, पराग आणि मेणाचा चुरा असतो. गिऱ्हाईक समाधानाने बाटली घेऊन जाते. ती भरण्यासाठी एक वसाहत तिच्या उद्याच्या पिढीसह मोडून पडली, याची जाणीव देणाऱ्यालाही नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. मध काढण्याची ही पिळण्याची आणि जाळण्याची रीत आता थांबली पाहिजे, आणि ती थांबवणे शासनाला, नगरपालिकांना व आपणा सर्व ग्राहकांना शक्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण ज्याला सरसकट पोळे किंवा मोहोळ म्हणतो ते महाराष्ट्रात निदान तीन निरनिराळ्या प्रकारचे असते, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण प्रत्येकाला लावायचा न्याय निराळा आहे. आग्या माशी उंच कड्याच्या पोटाला, थोर वृक्षाच्या आडव्या फांदीला, आणि हल्ली इमारतीच्या सज्जाला व पाण्याच्या टाकीखाली, उघड्यावर, एकच एक प्रचंड पोळे बांधते. त्याची रुंदी कधी कधी दीड मीटरपर्यंत जाते, आणि त्यावर माश्यांच्या अनेक थरांचा जो जिवंत पडदा सदैव लोंबत असतो त्यावरून गांधीलमाशी जवळ येताच क्षणार्धात एक लकाकती लाट धावून जाते. फुलोरी माशीचे पोळे तळहाताएवढे. ते झुडपाच्या बारीक डहाळीला कवटाळून बांधलेले असते आणि बागेत काम करणाऱ्यालाही कित्येकदा दिसत नाही. सातेरी माशीला मात्र अंधार हवा असतो. झाडाच्या ढोलीत, वारुळाच्या पोकळीत, जुन्या भिंतीच्या आत ती एकाशेजारी एक अशी समांतर पोळी लावीत जाते. याखेरीज दंश न करणारी इवलीशी पोयाची माशी आहे, जी षट्कोनी घरे न बांधता मेण आणि राळ यांच्या गोल कुप्या करते. आणि परदेशातून आणलेली युरोपीय माशी आहे, जिचे १९६२ साली हिमाचल प्रदेशातील नगरोटा बगवान येथे यशस्वी रोपण झाले. सातेरी आणि युरोपीय माशी पेटीत नांदतात, आग्या आणि फुलोरी नांदत नाहीत. पुढचे बरेचसे विवेचन या एका भेदावर आधारलेले आहे.

पोळे बांधले जाते ते मेणाने, आणि मेण कोठून येते या प्रश्नाने युरोपातील निसर्गाभ्यासकांना दीर्घकाळ गोंधळात पाडले होते. पायांना परागाचे गोळे लावून परतणाऱ्या माश्या पाहून, त्या मेणच गोळा करून आणतात, अशी समजूत रूढ होती. जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्यूबर याने ही समजूत मोडून काढली. हा संशोधक अंध होता. बर्नेन्स नावाच्या आपल्या सेवकाच्या डोळ्यांनी तो पाहत असे आणि प्रयोगाची आखणी मात्र स्वतः करीत असे. त्याने माश्यांना कोंडून परागाचा कणही न देता केवळ मधावर व साखरेवर ठेवले, आणि तरीही त्यांनी शुभ्र मेणाचे पोळे बांधले. मेण हे माशीच्या शरीरातच तयार होते, हे अशा रीतीने सिद्ध झाले. सुमारे बारा ते अठरा दिवसांच्या वयाच्या कामकरी माशीच्या उदराखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या कार्यक्षम असतात. त्यांतून पाझरलेल्या मेणाच्या पातळ चकत्या ती पायाने ओढून तोंडाशी आणते, चावून मऊ करते आणि भिंतीला लावते. बांधकाम चालू असताना माश्या एकमेकींचे पाय धरून साखळ्या करून लोंबतात. यासाठी लागणारे इंधन म्हणजे मध. एक किलो मेण स्रवण्यासाठी माश्यांना किती मध खर्चावा लागतो याचे अंदाज भिन्न असले तरी साधारणतः सहा ते आठ किलो हा आकडा अभ्यासक देतात. पोळे पिळून मेणाचा चोथा फेकून देणारा मनुष्य त्या मेणाच्या वजनाच्या कितीतरी पट मधाचा श्रम मातीत टाकतो, हे या एका आकड्यावरून ध्यानात यावे.

आता षट्कोनाविषयी. या आकृतीने माणसाच्या बुद्धीला दोन हजार वर्षे खिळवून ठेवले आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन लेखक व्हॅरो याने कृषिविषयक ग्रंथात तिचा विचार केला; चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपस याने, समभुज त्रिकोण, चौरस आणि षट्कोन याच तीन सुसम आकृत्या मध्ये फट न सोडता सपाटी व्यापतात आणि त्यांपैकी षट्कोनात तेवढ्याच परिमितीत अधिक जागा सामावते, हे मांडून माशीच्या भूमितीज्ञानाची प्रशंसा केली. वाटेल त्या आकारांची मोकळीक दिली तरीही समान क्षेत्रफळाचे विभाग करताना सर्वांत कमी लांबीची भिंत षट्कोनी जाळीलाच लागते, ही गोष्ट मात्र सर्वजण सत्य मानीत असूनही गणिताच्या कसोटीवर सिद्ध झाली नव्हती. ती सिद्धता अमेरिकन गणिती टॉमस हेल्स याने १९९९ साली दिली. घराचा तळही सपाट नसतो. तीन समभुज चौकोन एकत्र येऊन तो खोलगट होतो, आणि पाठीमागच्या घरांचे तळ त्यांत नेमके बसतात. १७१२ साली माराल्डी याने त्या चौकोनांचे कोन सुमारे १०९ अंश २८ मिनिटे व ७० अंश ३२ मिनिटे असल्याचे नोंदवले, आणि पुढे रेओम्यूर याच्या विनंतीवरून केनिग या गणितज्ञाने कमीत कमी मेणाचा कोन स्वतंत्रपणे काढला तेव्हा उत्तर जवळजवळ तेच आले.

येथे थांबून एक सांगावेसे वाटते. माशीच्या या कौशल्याचे वर्णन करताना आपल्याकडे दैवी चमत्काराची भाषा फार सहज येते. परंतु खरा आदर सत्याच्या मर्यादेत राहूनही व्यक्त करता येतो. हंगेरियन गणिती फेयेश तोथ याने १९६४ साली दाखवून दिले की तळाची याहूनही किंचित काटकसरीची रचना शक्य आहे, अर्थात तिच्यातून होणारी बचत अत्यल्प आहे. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात भुंग्याच्या ओबडधोबड गोल घरांपासून मधमाशीच्या षट्कोनी घरांपर्यंत उत्क्रांतीने कसकशी वाटचाल केली असेल याचा मार्ग शोधला, आणि आरंभी गोलसर असलेली घरे मेणाच्या उष्णतेने व ताणाने षट्कोनी होतात की माश्या प्रारंभापासून कोन साधीत जातात, हा वाद एकविसाव्या शतकातही चालू आहे. वादाचा निर्णय काहीही लागो, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून पातळ भिंतींची, बाहेरच्या बाजूला किंचित वर उचललेली म्हणून मध न सांडणारी, आणि सुमारे ४० ग्रॅम मेणात दोन किलोंच्या आसपास मध पेलणारी रचना अंधारात उभी राहते, हे सत्य कोणत्याही अतिशयोक्तीवाचून पुरेसे थोर आहे. मनुष्याने ते उचललेही आहे: विमानांचे व उपग्रहांचे हलके पण ताठ तावदान दोन पत्र्यांच्या मध्ये षट्कोनी जाळी ठेवून तयार करतात, आणि मोटारीच्या धूरनळीतील शुद्धीकरणाच्या भांड्यात असंख्य छिद्रांची जी चिनी मातीची वीट असते तिलाही पोळ्याचेच नाव मिळाले आहे.

परंतु भूमितीचे कौतुक करून थांबणे म्हणजे पोळे अर्धेच पाहणे. वसाहतीच्या जीवनात त्याचे कार्य साठवणीपुरते नाही. त्याच घरांत राणी अंडी घालते, त्याच घरांत अळी वाढते, कोशात जाते आणि माशी होऊन बाहेर पडते; पिलाव्याच्या भागाचे उष्णतामान माश्या बाहेर थंडी असो वा ऊन असो, ३४ ते ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखतात. कामकरी, नर आणि राणी यांच्या घरांची मापे व घडण वेगवेगळी असते. पराग साठवायची जागा पिलाव्याला लागून आणि मधाची जागा त्याच्या वर किंवा कडेला, हा क्रमही ठरलेला असतो. आणि पोळे हेच माश्यांच्या संभाषणाचे स्थान आहे: अन्नाचा शोध लावून आलेली माशी पोळ्याच्या उभ्या पृष्ठावर नृत्य करते, त्या नृत्यातील सरळ रेषेचा उभ्या रेषेशी होणारा कोन म्हणजे सूर्याच्या दिशेशी अन्नाच्या दिशेने केलेला कोन, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडले आणि त्यासाठी १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. आपल्या बागांतील फुलोरी माशी तर पोळ्याच्या माथ्यावर, डहाळीभोवती जो सपाट ओटा तयार झालेला असतो त्यावर नाचते आणि दिशा थेट दाखवते. पोळे मोडले की कोठार, सूतिकागृह आणि सभास्थान, तिन्ही एकाच वेळी नष्ट होतात. उरलेल्या माश्यांना पुन्हा मेण स्रवण्यापासून आरंभ करावा लागतो, आणि फुलोरा संपत आला असेल तर तेवढा मधच रानात उरलेला नसतो. मधासाठी पोळे पिळणे हे शेतकऱ्याने पेरणीच्या तोंडावर बियाणे दळून खाण्यासारखे आहे.

या नाशावाचून मध मिळतो, हे जगाने एकोणिसाव्या शतकातच सिद्ध करून दाखवले. फिलाडेल्फियाच्या लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने १८५१ साली ओळखले की दोन पोळ्यांच्या मध्ये माश्या जाण्यायेण्यापुरते ठराविक अंतर मोकळे ठेवतात, आणि पेटीतल्या चौकटी तेवढे अंतर राखून टांगल्या तर त्या एकमेकींना चिकटत नाहीत; १८५७ साली जर्मनीत मेरिंग याने षट्कोनांचा ठसा उमटवलेला मेणपत्रा तयार केला, ज्यावर माश्या पुढचे बांधकाम करतात; आणि १८६५ साली ह्रुश्का याने चौकटी फिरवून मध बाहेर फेकणारे यंत्र पुढे आणले. तेव्हापासून घरांवरची मेणाची टोपणे सुरीने तासायची, चौकट यंत्रात फिरवायची, आणि रिकामे झालेले पोळे अखंड स्वरूपात माश्यांना परत करायचे, ही पद्धत प्रस्थापित झाली. पोळे राखणे म्हणजे ते अनंतकाळ ठेवणे असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. पिलाव्याचे पोळे पिढ्यांमागून पिढ्या वापरून काळे पडते, आणि जाणता मधपाळ ते वेळेवर बदलतो.

आपल्या प्रांताने या कामात मागे राहण्याचे कारण नव्हते आणि काही काळ तो मागे राहिलाही नाही. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा मगनवाडीत ज्या उद्योगांना स्थान मिळाले त्यांत मधुमक्षिकापालन होते. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी माशीच्या पेट्यांचे काम रुजले. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच आहे, आणि जांभूळ, गेळा, हिरडा यांचा मध तसेच कित्येक वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीचा मध ही त्या परिसराची ओळख झाली. पुण्याला १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. २०२२ साली महाबळेश्वरजवळच्या मांघरला मधाचे गाव म्हणून घोषित करण्यात आले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील पाटगावनेही तो मार्ग धरला. ज्या गावात बहुतेक घरांतून पेट्या आहेत तेथे रानातले मोहोळ जाळण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही, ही या प्रयत्नांची खरी मिळकत आहे. मधाच्या किलोंची मोजदाद तिच्यापुढे दुय्यम आहे.

तथापि पेटीचा उपाय आग्या माशीला लागू पडत नाही, आणि रानातला बराचसा मध आग्याचाच असतो. तो काढणारे लोक बहुधा आदिवासी, भूमिहीन आणि ऋतुमानावर जगणारे. त्यांचा या मधावरचा अधिकार मी निर्विवाद मानतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मध व मेण यांची गणना वनोत्पन्नात केली आणि त्यामुळे परवान्याचा, मक्त्याचा व खात्याच्या हुकमांचा अंमल त्यांवर चालला. २००६ च्या वनाधिकार कायद्याने मात्र मध आणि मेण यांची गौण वनोपजात स्पष्ट नोंद करून ते गोळा करण्याची व विकण्याची वनवासीयांची वहिवाट हक्क म्हणून मान्य केली. तेव्हा माश्या वाचवण्यासाठी रानातला मध काढण्यालाच मनाई करावी, असे जे काही सज्जन सुचवतात ते मला अन्यायाचे वाटते. मनाईने पोळी वाचत नाहीत. काढणारा फक्त चोरून आणि घाईने काढतो, आणि घाईत तो पलिता अधिक जवळ नेतो.

प्रश्न रीतीचा आहे. जुनी रीत अशी की अंधाऱ्या रात्री पलिता पेटवून पोळ्याखाली धरायचा, ठिणग्यांमागून धावणाऱ्या माश्या जळून किंवा होरपळून खाली पडू द्यायच्या, आणि सगळे पोळे उतरवून पिळायचे. सुधारलेली रीत पोळ्याच्या रचनेचा विचार करते. आग्याच्या पोळ्यात मधाचा साठा सर्वत्र विखुरलेला नसून एका जाड भागात एकवटलेला असतो. आपले लोक त्याला कांदा म्हणतात, आणि फांदीवरच्या पोळ्यात तो बहुधा एका टोकाला असतो. अंगभर संरक्षक पोशाख घालून, जळता पलिता टाळून केवळ थंड धुराने माश्या बाजूला सारायच्या, कांदा स्वच्छ सुरीने कापून दोराने टांगलेल्या भांड्यात घ्यायचा, पिलाव्याचा भाग आणि त्याला आधार देणारी मधाची पट्टी जागेवर ठेवायची, आणि खाली आणलेला कांदा न पिळता कापडावर ठेवून मध आपोआप निथळू द्यायचा, एवढीच ती रीत आहे. वसाहत पोळे सोडून जात नाही, फुलोरा असेल तर कांदा पुन्हा भरते, आणि त्याच पोळ्यातून हंगामात दुसऱ्यांदा मध मिळू शकतो. कड्यावरच्या पोळ्यात मधाची पट्टी वरच्या अंगाला, चिकटलेल्या कडेशी असल्याने हे काम अधिक कसबाचे होते, हे कबूल केले पाहिजे. तेथे प्रशिक्षणाला पर्याय नाही. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी विदर्भात हे शिक्षण देण्याचे काम केले आहे, आणि ते संस्थांच्या हौसेवर न सोडता शासनाने सह्याद्री, सातपुडा व मेळघाट या पट्ट्यांत स्वतःच्या खर्चाने चालवावे.

शिक्षणाला दराची जोड मिळाली नाही तर ते टिकणार नाही. पिळलेल्या व निथळलेल्या मधाला आज बाजारात जवळजवळ एकच भाव मिळतो. मग जो मनुष्य जिवावर उदार होऊन झाडावर चढतो त्याने अर्धेच पोळे कापून खाली का यावे? पिळलेल्या मधात पराग, अळ्यांचा रस आणि पाणी मिसळल्याने तो लवकर आंबतो, निथळलेला टिकतो. गुणाचा हा भेद खरेदीच्या तक्त्यात उतरला पाहिजे. आदिवासी विकास महामंडळाने आणि वनखात्याने निथळलेल्या मधाला वेगळा व चढा दर द्यावा, आणि मेणाची खरेदी स्वतंत्र नोंदीने करावी, अशी तजवीज झाल्यास पोळे राखणे हा उपदेशाचा विषय न राहता संग्राहकाच्या हिताचा विषय होईल.

मेणाचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे, कारण आपण ज्या वस्तूला आज चोथा समजतो तिच्यावर आपल्या संस्कृतीचा मोठा भाग उभा राहिला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या ग्रंथात धातूची मूर्ती ओतण्याचा विधी सांगितला आहे: आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, उष्णता देऊन मेण वितळवून बाहेर काढायचे आणि त्या पोकळीत तापलेला धातू ओतायचा, मेणाच्या वजनावरून धातूचे वजन ठरवण्याचा हिशेबही तेथे दिला आहे. संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हणतात आणि या कलेला मधूच्छिष्टविधान. दक्षिणेतल्या चोळ राजवटीतील नटराजाच्या मूर्ती याच विधीने निघाल्या, आणि बस्तरचे ढोकरा कारागीर आजही याच परंपरेत काम करतात. आयुर्वेदातले सिक्थतैल म्हणजे मेण आणि तिळाचे तेल. घराघरांतल्या कुंकवाच्या करंड्यात मेणाची डबी असे. आपल्या आज्या कपाळावर आधी मेणाचा ठिपका लावून त्यावर पिंजर टेकवीत, आणि ते कुंकू दिवसभर हलत नसे. चर्मकार जोड्याच्या दोऱ्याला मेण लावी. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांतील वेदीवरच्या मेणबत्त्यांना मधमाशीचे मेण हवे असे. खनिज तेलापासून निघणाऱ्या स्वस्त मेणाने हे बरेचसे व्यवहार मागे सारले हे खरे, परंतु मलमे, सौंदर्यप्रसाधने आणि लाकडाचे उंची रोगण यांसाठी मधमाशीच्या मेणाला आजही चांगली मागणी आहे. ६२ ते ६४ अंशांना वितळणारे हे द्रव्य गरम पाण्यात सहज निराळे होते, फडक्यातून गाळता येते, वर्षानुवर्षे नासत नाही. ते फेकून देणे हे गरीब संग्राहकाचे प्रत्यक्ष नुकसान आहे.

शहरांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण तेथे मधाचा लोभ नसून भीती काम करते, आणि ती भीती खोटी नाही. शिवनेरीसारख्या किल्ल्यावर आणि अजिंठ्याच्या लेण्यांत आग्यामाश्यांनी पर्यटकांना घेरल्याच्या बातम्या वारंवार येतात. एकाच वेळी शेकडो दंश झाले तर मनुष्य दगावू शकतो, आणि ज्यांना दंशाचे वावडे आहे त्यांना एक दंशही घातक ठरतो. म्हणून शाळेच्या दाराशी किंवा रुग्णालयाच्या खिडकीशी आलेले पोळे हलवावे लागेल, याविषयी माझे दुमत नाही. पण आज होते ते असे की चौथ्या मजल्याच्या सज्जाला पोळे दिसताच गृहसंस्थेची सभा भरते, कीडनियंत्रणाचा ठेकेदार बोलावला जातो, तो रात्री विषारी फवारा मारतो, आणि सकाळी खाली माश्यांचा सडा पडलेला असतो. वर उरलेल्या विषारी मधावर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या येतात आणि विष घेऊन जातात. शिवाय तेच पोळे कोणीतरी पिळून तो मध विकला तर ते विष माणसाच्या पोटात जाते. आग्या माशी ऋतूप्रमाणे स्थलांतर करणारी आहे. हंगाम संपला की ती पोळे रिकामे सोडून निघून जाते, आणि तिच्या वसाहती पुढच्या हंगामात जुन्याच जागी परततात, असे अभ्यासातून आढळून आले आहे. बहुतेक पोळ्यांच्या बाबतीत करायचे असते ते एवढेच: त्यांच्या वाटेला जायचे नाही, त्यांच्याजवळ रात्री प्रखर दिवा लावायचा नाही, धूर वा फटाके करायचे नाहीत, मुलांना दगड मारू द्यायचे नाहीत, आणि माश्या गेल्यावर रिकामे पोळे खरवडून ती जागा स्वच्छ करायची. ज्या पोळ्याला हात लावणे अपरिहार्य आहे ते माश्या न मारता उतरवू शकणारे प्रशिक्षित तरुण पुण्यासारख्या शहरांत तयार झाले आहेत. प्रत्येक महानगरपालिकेने उद्यान खात्यात किंवा अग्निशमन दलात अशा माणसांची नेमणूक करावी, आणि पोळ्यावर कीटकनाशक फवारणे परवान्याशिवाय करता येणार नाही असा नियम करावा. यासाठी मोठ्या तरतुदीची आवश्यकता नाही. शहराभोवती कांद्याचे बी धरणारा, सूर्यफूल किंवा मोहरी पेरणारा जो शेतकरी आहे, त्याच्या पिकावर परागीभवनाला येणाऱ्या माश्यांपैकी कित्येक याच सज्जांखाली वस्तीला असतात. शहराने मारलेली वसाहत त्याच्या उत्पन्नातून वजा होते.

राहता राहिला ग्राहक. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०२० साली बाजारातील १३ नाममुद्रांचा मध तपासून घेतला तेव्हा केवळ ३ नाममुद्रा सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झाल्या. बाकीच्यांत साखरेच्या पाकाच्या भेसळीची लक्षणे आढळली. या बातमीने अस्वस्थ झालेले पुष्कळ लोक बाटलीवरचा विश्वास सोडून घाटातल्या घमेल्याकडे वळले, हे मी समजू शकतो. परंतु डोळ्यांदेखत पिळलेले पोळे हा शुद्धतेचा पुरावा नव्हे. पाकात बुडवून काढलेला पोळ्याचा तुकडाही तितकाच खरा दिसतो, आणि खरा असलाच तरी त्या मधात पिलाव्याचा रस मिसळलेला असतो. ज्याला भरवशाचा मध हवा आहे त्याने महाबळेश्वर, मांघर, पाटगाव येथल्या किंवा आपल्या तालुक्यातल्या मधपाळाशी थेट ओळख करून घ्यावी, त्याच्या पेट्या जाऊन पाहाव्यात आणि दोन पैसे अधिक देऊन मध घ्यावा. रानातला मध घ्यायचाच असेल तर तो निथळलेला आहे की पिळलेला, पिलावा जागेवर ठेवला होता की नाही, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. आणि तो पिळलेला असेल तर कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये.